फाइट साँगचे न छापलेले शब्द: अमेरिकेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्टमध्ये एम. एस. किंवा पीएचडीसाठी अमेरिकेत उतरलं की पहिले काही आठवडे घर, बँकेचं खातं, लॅबमधल्या ओळखी आणि इंडियन ग्रोसरीचं दुकान शोधण्यात जातात. मग अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू होतो. बरोबरची मंडळी म्हणतात, एकदा तरी बघून येऊ. तुम्ही जाता. ओरिएंटेशनला मिळालेल्या कागदावरचं कॉलेजचं फाइट साँग, म्हणजे सामन्यात संघाला चेव आणायला गायचं गाणं, वाचूनही गेलेले असता. बँड वाजतो, सगळे गातात, आणि शेवटच्या ओळीला आजूबाजूची हजारो मुलं कागदावर नसलेलंच काहीतरी एका दमात ओरडतात. तुम्ही सोडून सगळ्यांना ते पाठ असतं.

हा लेख त्या शब्दांसाठी आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी ज्यांनी दिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: ती कुणी बसवली याची नोंद कॉलेजच्या दप्तरी नसते, पण ती आल्याशिवाय तुम्ही त्या कॉलेजचे होत नाही. इथेही छापलेलं गाणं विद्यापीठाचं असतं आणि न छापलेले शब्द विद्यार्थ्यांचे. आपल्याकडून आलेली बरीच मुलं दोन वर्षं लॅब, घर आणि आपलाच कंपू एवढ्यात काढतात आणि पदवी घेऊन निघून जातात. मला ते फार वाईट वाटतं. या शब्दांच्या वाटेने कॅम्पसमध्ये शिरणं सोपं आहे, आणि त्याला फुटबॉलचे नियम कळावे लागत नाहीत.

पहिली पायरी: आधी छापलेलं गाणं पाठ करा

उलटं वाटेल, पण सुरुवात अधिकृत शब्दांपासूनच करायची. विद्यार्थ्यांची भर त्या शब्दांच्या फटीत बसलेली असते. मूळ ओळ ठाऊक नसेल तर फट कुठे आहे हेच कळत नाही.

सगळं गाणं पाठ करू नका. मिशिगन विद्यापीठाचं ‘द व्हिक्टर्स’ घ्या. 1898 मध्ये मिशिगनने शिकागोला 12-11 असं हरवलं, त्या आनंदात लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याने ते रचलं. त्याला कडवी आहेत, पण मैदानात फक्त ‘हेल टू द व्हिक्टर्स’पासूनचं धृपद गातात. बहुतेक ठिकाणी असंच असतं. धृपद आलं की काम झालं.

दुसरं म्हणजे, कागदावर ‘अधिकृत फाइट साँग’ असं लिहिलेलं गाणं लोकांच्या तोंडी असलेलं गाणं असेलच असं नाही. टेनेसी विद्यापीठाचं अधिकृत गाणं ‘डाउन द फील्ड’, पण नॉक्सव्हिलला जाऊन विचारा, सगळे ‘रॉकी टॉप’च म्हणतील. ते 1967 सालचं कंट्री गाणं; विद्यापीठाच्या बँडने 1972 मध्ये मैदानात वाजवलं आणि पुन्हा खाली ठेवलंच नाही. जॉर्जिया विद्यापीठाचं अधिकृत गाणं ‘हेल टू जॉर्जिया’, पण टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले, की कान फाटेपर्यंत ऐकू येतं ते ‘ग्लोरी, ग्लोरी’. म्हणून सीनियर मुलांना ‘आपलं फाइट साँग कोणतं’ असं विचारू नका. ‘टचडाउननंतर काय गातात’ असं विचारा.

फाइट साँगशिवाय प्रत्येक कॉलेजचं एक संथ गाणं असतं, त्याला आल्मा माटर म्हणतात. ते बहुधा सामना संपल्यावर, खांद्यावर हात टाकून गातात. त्यातही विद्यार्थ्यांची भर असू शकते. पेन स्टेटची मुलं आपल्या आल्मा माटरच्या चालीवर गंभीर चेहऱ्याने ‘वी डोन्ट नो द गॉडडॅम वर्ड्‌स’ म्हणतात. शब्द येत नाहीत हेच तिथे शब्द झाले आहेत, आणि नवख्या माणसाला यापेक्षा सोपं गाणं जगात मिळणार नाही.

दुसरी पायरी: हाडवैरी कोण ते नीट समजून घ्या

न छापलेले शब्द निम्म्याहून जास्त वेळा वैरी कॉलेजबद्दल असतात. आणि इथे नवे लोक हमखास गोंधळतात, कारण आज समोर खेळणारा संघ आणि वैरी हे दोन वेगळे असू शकतात. नॉर्थ कॅरोलायनाचा सामना कुणाशीही असो, ‘टार हील बॉर्न’ या गाण्याच्या शेवटी ‘गो टू हेल, ड्यूक!’ येणारच. ड्यूकचं कॅम्पस तिथून जेमतेम 16 किलोमीटरवर आहे, आणि तिकडची मुलंही ‘गो टू हेल, कॅरोलायना, गो टू हेल’ अशी परतफेड करत असतात.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण टेक्सास ए अँड एमचं. तिथला ‘ॲगी वॉर हिम’ पिंकी विल्सन या ॲगीने (तिथल्या विद्यार्थ्यांना ॲगी म्हणतात) 1918 मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्यावर, ऱ्हाइन नदीकाठी पहाऱ्यावर असताना लिहिला. त्याचं लोक गातात ते कडवं ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला निरोप देण्यापासून सुरू होतं, आणि शेवटी सगळं स्टेडियम हातात हात, पायात पाय अडकवून डोलत टेक्सासचं चिन्ह असलेल्या बैलाची शिंगं करवतीने कापायच्या गोष्टी करतं. 2011 नंतर ए अँड एम वेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या वेगळ्या गटात, गेलं आणि या दोन संघांचा सामना 2024 पर्यंत झालाच नाही. मधल्या त्या सगळ्या वर्षांत ए अँड एमची मुलं प्रत्येक सामन्याला, समोर नसलेल्या टेक्सासला निरोप देत राहिली. वैर हे असं असतं. ते वेळापत्रकावर चालत नाही.

वैऱ्याचं नाव लिहायचीही पद्धत असते, तीही शिकून घ्या. ए अँड एमवाले टेक्सास विद्यापीठाला ‘टी. यू.’ म्हणतात आणि ती दोन्ही अक्षरं मुद्दाम स्मॉल (कॅपिटल नव्हे) लिहितात. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये नव्या मुलांना पिवळी टोपी मिळते. तिच्यावर ‘टू हेल विथ जॉर्जिया’ लिहायचं, आणि जॉर्जियातला ‘जी’ लहान काढायचा. ओहायो स्टेटमध्ये मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक ‘एम’वर लाल फुली मारतात. त्या आठवड्यात इमारतीचं नाव वाचता आलं नाही तर घाबरू नका.

तिसरी पायरी: शब्द कुठे बसतात ते ओळखा

बऱ्याच कॉलेजांची गाणी ऐकल्यावर लक्षात येतं की भर घालायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या ओळखता आल्या की नवीन गाणंही दोन-तीन वेळा ऐकून पकडता येतं.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे शेपूट. गाणं संपतं, बँडचा शेवटचा सूर तुटतो, आणि त्या अर्ध्या क्षणाच्या शांततेत आरोळी येते. वरचं ‘गो टू हेल, ड्यूक’ हे शेपूटच. छापील शब्दांत तिथे नुसतं ‘रा, रा, रा’ आहे. नवख्या माणसाने शेपटापासून सुरुवात करावी. चुकायला जागाच नाही.

दुसरी जागा मधल्या फटीची. ओळ संपल्यावर सूर लांबतो किंवा ढोल दोन ठोके एकटा वाजतो, तिथे गर्दी आपलं काहीतरी भरते. ‘रॉकी टॉप’मध्ये तिथे ‘वू!’ येतं. ओहायो स्टेटच्या बँडने 9 ऑक्टोबर 1965 रोजी ‘हँग ऑन स्लूपी’ हे तेव्हाचं गाजलेलं पॉप गाणं पहिल्यांदा वाजवलं. पुढे धृपदाच्या फटीत ओ-एच-आय-ओ ही चार अक्षरं हातांनी काढून ओरडायची रीत पडली. 1985 मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने ते राज्याचं अधिकृत रॉक गाणं ठरवलं. पिट्सबर्ग विद्यापीठात तिसरं क्वार्टर संपलं की ‘स्वीट कॅरोलाइन’ लागतं, आणि त्याच्या फटीत ‘लेट्स गो, पिट!’ येतं. फटीच्या शब्दांना वेळ सांभाळावी लागते. एक ठोका आधी ओरडलात तर पुढच्या रांगा वळून बघतात, पण हसून; ते फारसं मनावर घेऊ नका.

तिसरी जागा म्हणजे ओळ काढून तिथे दुसरी बसवणं. जॉर्जियाच्या ‘ग्लोरी, ग्लोरी’त शेवटी विद्यापीठाच्या नावाची अक्षरं म्हणायची असतात, मुलं त्याऐवजी ‘अँड टू हेल विथ जॉर्जिया टेक’ म्हणतात. टेक्सासच्या ‘टेक्सास फाइट’मध्ये ‘गो हॉर्न्स गो’च्या जागी ‘ओयू सक्स’ येतं. ओयू म्हणजे ओक्लाहोमा. या दोघांचा सामना ऑक्टोबरमध्ये डॅलसला होतो आणि त्या आठवड्यात तर दुसरं काही ऐकूच येत नाही. इथे खबरदारी एकच: बदललेली ओळ सगळ्याच स्टँडमध्ये चालत नाही. स्टुडंट सेक्शनमध्ये एक, माजी विद्यार्थ्यांच्या खुर्च्यांमध्ये दुसरी. आधी ऐका, मग गा.

चौथा प्रकार म्हणजे अख्खं गाणंच नवं. नोत्र दामच्या ‘व्हिक्टरी मार्च’ची चाल देशभरातल्या शाळा-कॉलेजांनी उचलली आहे, आणि तिच्यावरचं दारूचं विडंबन त्याहून जास्त पसरलं आहे: ‘चिअर, चिअर’चं ‘बिअर, बिअर’ होतं आणि पुढे ज्युनियर मुलांना जिन आणायला धाडलं जातं. ओहायो स्टेटमध्ये ‘द ओल्ड ग्रे मेअर’ या जुन्या लोकगीताच्या चालीवर, आम्हाला सगळ्या मिशिगन राज्याची कवडीइतकीही पर्वा नाही, असं ऐकवणारं गाणं आहे. ही गाणी मैदानापेक्षा टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी पार्किंगमध्ये जमणाऱ्या खाण्यापिण्याच्या मैफलीत, आणि परतीच्या बसमध्ये जास्त रंगतात.

राष्ट्रगीतातही भर पडते. ओक्लाहोमाचे लोक शेवटी ‘होम ऑफ द सूनर्स’ म्हणतात (सूनर्स हे त्यांच्या संघाचं नाव), नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे ‘रेड’ हा शब्द आला की गर्जना करतात, कारण लाल त्यांचा रंग. माझं मत विचाराल तर इथे आपण उभं राहून ऐकावं. हे त्यांचं राष्ट्रगीत आहे. त्याच्याशी खेळायचा हक्क त्यांचाच.

चौथी पायरी: प्रत्यक्ष जा

घरी बसून तयारी करायची तर ग्ली क्लबचं, म्हणजे कॉलेजच्या गायकवृंदाचं, नीटनेटकं रेकॉर्डिंग ऐकू नका, त्यात हे शब्द नसतात. प्रेक्षकांनी स्टँडमधून फोनवर काढलेले व्हिडिओ शोधा. आवाज फाटलेला असेल तितका चांगला.

तिकिटाची चौकशी ऑगस्टमध्येच करा. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांचं तिकीट फीमध्येच धरलेलं असतं, काही ठिकाणी मोसमाचा पास विकत घ्यावा लागतो, आणि मोठ्या सामन्यांना सोडत निघते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही ही सोय बहुधा असते. आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊकच नसतं. पहिला सामना एखाद्या दुबळ्या संघाबरोबरचा निवडा. गर्दी कमी असते आणि टचडाउन भरपूर होतात, म्हणजे गाणं परत परत कानावर पडतं. हाडवैऱ्याशी सामना बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास असतो. तोवर तालीम पुरेशी होते.

स्टुडंट सेक्शनमध्येच उभे राहा. बसायचा विचार सोडा, तिथे साडेतीन तास कुणी बसत नाही. सपाट बूट घाला, कॉलेजच्या रंगाचा शर्ट घाला, आणि पाठीवरची सॅक घरी ठेवा. बहुतेक स्टेडियममध्ये आत फक्त पारदर्शक पिशवी नेता येते. जागा शक्यतो बँडजवळची पकडा. बँडच्या मुलांना सगळं पाठ असतं, अधिकृतही आणि दुसरंही, आणि विचारलं की ती हौसेने सांगतात. सामन्याआधी बँड मिरवत स्टेडियमकडे येतो. त्याच्याबरोबर चालत गेलात तर अर्धी तालीम रस्त्यातच होते.

शेजारच्या मुलाला सरळ विचारा: शेवटी काय म्हणता रे तुम्ही? इथल्या लोकांना या प्रश्नाचा फार आनंद होतो. उत्तराबरोबर आजोबांच्या वेळच्या गोष्टीही मिळतात.

पाचवी पायरी: काय गायचं नाही ते ठरवा

या पायरीवर मला थोडं थांबायचं आहे. गर्दीत आवाज मिसळला की माणूस अर्थ न बघता ओरडतो, आणि भाषा परकी असली की जास्तच.

व्हर्जिनिया विद्यापीठात गुण मिळाले की ‘द गुड ओल्ड साँग’ गातात, ‘ऑल्ड लँग साइन’च्या चालीवर. त्यात ‘ब्राइट अँड गे’ असे शब्द आहेत, आणि गाणं रचलं गेलं तेव्हा त्यांचा अर्थ नुसता उजळ आणि आनंदी असा होता. 1970च्या दशकापासून काही मुलं त्यामागे ‘नॉट गे’ असं ओरडू लागली. समलिंगी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच मैदानात हे ऐकावं लागायचं. विद्यार्थ्यांनीच त्याविरुद्ध मोहिमा काढल्या, आणि त्या फटीत हळूहळू वैरी असलेल्या व्हर्जिनिया टेकला दिलेली शिवी येऊन बसली. तीही सभ्य नाही. पण वैऱ्याला खेळात दिलेली शिवी आणि आपल्याच वर्गातल्या मुलाला त्याच्या असण्यावरून हिणवणं यात फार मोठं अंतर आहे, आणि तुमची रेघ तिथे असावी.

नुसत्या शिव्यांवरही विद्यापीठं पावलं उचलतात. अलाबामात ‘डिक्सीलँड डिलाइट’ लागलं की मुलं फटींमध्ये ऑबर्न, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि टेनेसी या वैरी विद्यापीठांच्या नावाने शिवीगाळ करायची. टीव्हीवर ती ऐकू जायची. 2014च्या मोसमानंतर गाणं बंद झालं. 2018 मध्ये ते परत आलं, पण ‘बीट ऑबर्न’ असंच म्हणू, या बोलीवर. सगळ्यांनी ती बोली पाळली असं म्हणता येणार नाही. एलएसयूमध्ये ‘नेक’ या गाण्यावरच्या अश्लील आरोळीमुळे बँडला ते गाणंच सोडून द्यावं लागलं. आपल्या चार शब्दांपायी सगळ्यांचं गाणं जातं, हे माझ्या लेखी गप्प बसायला पुरेसं कारण आहे. पुढच्या रांगेत लहान मुलं असतील तर त्याहून पुरेसं.

आणि छापलेलं ते सगळं स्वच्छ, असंही समजू नका. टेक्सासचं ‘द आइज ऑफ टेक्सास’ 1903 मध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते मिन्स्ट्रेल शोमध्ये, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत अशा कार्यक्रमात. 2020 मध्ये तिथल्या काही खेळाडूंनी ते बदलायची मागणी केली. विद्यापीठाने गाणं कायम ठेवलं. पेन स्टेटने मात्र 1975 मध्येच आपल्या आल्मा माटरमधलं ‘बॉयहुड’ काढून ‘चाइल्डहुड’ घातलं, कारण मुलीही तिथे शिकत होत्या. एखादी ओळ गावीशी वाटली नाही तर त्या ओळीपुरतं गप्प राहा. कुणी विचारत नाही.

वैऱ्याच्या मैदानात पाहुणे म्हणून गेलात तर आपल्या लोकांमध्येच उभे राहा आणि बाहेर पडताना, विशेषतः जिंकल्यावर, आवाज आवरा. पार्किंगमध्ये प्यायलेले लोक असतात.

सहावी पायरी: आता स्वतःची ओळ

एक मोसम झाला की हा मोह होतोच, आणि तो व्हावा. आजची कितीतरी अधिकृत गाणी एकेकाळी अशीच कुणीतरी जुळवलेली होती. जॉर्जिया टेकचं ‘रॅम्ब्लिन रेक’ हे ‘सन ऑफ अ गॅम्बोलियर’ या दारू पिताना गायच्या जुन्या गाण्याच्या चालीवर बसवलेलं आहे. त्यातला इंजिनियर व्हिस्की पाणी न घालता पितो, आणि आपल्याला मुलगा झाला तर तो बापासारखाच ‘टू हेल विथ जॉर्जिया’ ओरडेल असं सांगतो. म्हणजे मुलांची आरोळी तिथे छापील शब्दांत जाऊन बसली आहे. 1953 मध्ये तिथला ग्ली क्लब एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गेला तेव्हा ‘हेल’च्या जागी ‘हेक’ म्हणायला लावलं होतं. ओक्लाहोमाच्या ‘बूमर सूनर’ची चाल येलच्या ‘बूला बूला’ची. ‘ऑन, विस्कॉन्सिन!’ ची चाल मुळात मिनेसोटासाठी बांधली जात होती. 1909 मध्ये ती विस्कॉन्सिनकडे आली आणि पुढे राज्यगीतही झाली.

ओळ जुळवताना आधी बोटांवर ठोके मोजा. या चाली कवायतीच्या, एक-दोन, एक-दोन अशा चालणाऱ्या. जोरदार ठोक्यावर वजनदार अक्षर आलं पाहिजे. वैऱ्याचं नाव शेवटच्या जोरदार ठोक्यावर ठेवा, म्हणजे शब्द न येणारेही तेवढं ओरडू शकतात. मूळचं यमक मोडू नका. लोकांच्या कानाला ते सवयीचं असतं आणि नवी ओळ त्याच आधारावर लक्षात राहते. चार ओळींपेक्षा जास्त लिहू नका.

मराठीत लिहायची हौस असेल, आणि दहा मराठी टाळकी टेलगेटला जमली की ती होतेच, तर एक अडचण येते. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर ठाशीव आघात असतो, मराठीत तसा नसतो. म्हणून लघु-गुरूचा हिशेब धरा: ठोक्यावर गुरू अक्षर, दोन ठोक्यांच्या मधे लघु. ‘हरवू’ आणि ‘कमळ’सारखे सुरुवातीला लघु असलेले शब्द ठोक्यावर टाकले तर ओळ लंगडते, ‘मारा’, ‘जिंकू’, ‘वाजवा’ हे शब्द बिनधास्त पडतात. जोडाक्षरांची गर्दी टाळा, ट्रम्पेटच्या आवाजात ती ऐकूच येत नाहीत.

ओळ तयार झाली की पहिल्यांदा मैदानात नेऊ नका. बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, हॉल बंदिस्त असतो, बँड छोटा आणि जवळ. आठवड्याच्या मधल्या एखाद्या सामन्याला आठ-दहा जण मिळून म्हणून बघा. पुढच्या रांगेतल्या अनोळखी मुलांनी दुसऱ्या खेपेला शेवटचा शब्द उचलला तर ओळ ठेवा, नाहीतर घरी जाऊन तो शेवटचा शब्द बदला.